मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी

२४ जून हा समाजवादी नेत्या मृणालताई गोरे यांचा जन्मदिवस आणि १७ जुलै हा स्मृतिदिन. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत दरवर्षी त्यांची तीच ती छायाचित्रे फिरू लागतात: हातात लाटणी घेतलेल्या बायकांची रांग, रिकामे हंडे, उंचावलेली मूठ, आणि खाली ‘पाणीवाली बाई’ एवढाच मजकूर. छायाचित्रे खरी आहेत आणि त्यांतला आवेशही खरा आहे. पण आम्ही जे गोरेगावात वाढलो, ज्यांच्या आया-मावश्या पदर खोचून त्या मोर्चांना गेल्या, त्यांना त्या छायाचित्रांत काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. राहून गेलेला असतो तो मोर्चाचा दुसरा दिवस. मोर्चा पांगला, घोषणा विरल्या, वर्तमानपत्रात बातमी छापून आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मागणीचा कागद हातात घेऊन कोणीतरी पुन्हा त्याच कचेरीच्या पायऱ्या चढले, हे दृश्य टिपायला छायाचित्रकार कशाला येईल? माझ्या मते मृणालताईंचे खरे मोठेपण त्या दुसऱ्या दिवशीच्या कामात होते आणि आज मला लिहायचे आहे ते त्याबद्दलच.

त्यांच्या आयुष्याचा सुरुवातीचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. जन्म १९२८ चा, माहेरचे आडनाव मोहिले. वैद्यकीय शिक्षण चालू असताना त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामात ओढल्या गेल्या आणि डॉक्टरकी अर्धवट सोडून पूर्णवेळ कार्यकर्त्या झाल्या. १९४८ मध्ये त्यांचा विवाह केशव गोरे यांच्याशी झाला. गोरेगावात त्यांना सगळे बंडू गोरे म्हणूनच ओळखत. हा आंतरजातीय विवाह होता आणि त्या काळात तेवढ्यावरही घरादारात बराच गदारोळ होत असे. दोघांनी संसार थाटला तो गोरेगावात, म्हणजे तेव्हाच्या एका ग्रामपंचायतीच्या गावात, आणि मृणालताईंच्या सार्वजनिक कामाची सुरुवातही तिथल्या बायकांच्या संघटनेपासून आणि ग्रामपंचायतीपासूनच झाली. १९५८ मध्ये बंडू गोरे अकाली गेले. मृणालताई तेव्हा तिशीच्या होत्या आणि पदरात लहान मुलगी होती. पतीच्या नावाने आरे रोडवर जे केशव गोरे स्मारक उभे राहिले, ते पुढे त्यांच्या सगळ्या कामाचे ठाणे झाले. नाव स्मारक असले तरी आमच्या लहानपणी तिथे हार-फुलांपेक्षा अर्ज-विनंत्यांचीच गर्दी जास्त असायची.

आता पाण्याकडे वळते, कारण त्याशिवाय पुढचे समजायचे नाही. मुंबई शहराला नळाचे पाणी मिळू लागले ते १८६० पासून, विहार तलावातून, आणि १८७९ मध्ये त्याला तुळशी तलावाची जोड मिळाली. हे दोन्ही तलाव उपनगरांच्या डोंगरांत आहेत आणि विहार तर गोरेगावच्या पूर्वेला आरेच्या टेकड्यांपलीकडेच आहे. म्हणजे शहर ज्या तलावांचे पाणी शंभर वर्षे प्यायले, त्यांच्या शेजारच्या वस्त्यांत मात्र बायका विहिरीवर आणि तुरळक सार्वजनिक नळांवर भांडत होत्या. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आमच्याकडे पाठ करावी लागली नाही. फेब्रुवारी १९५७ मध्ये मुंबई महानगरपालिकेची हद्द पश्चिमेकडे दहिसरपर्यंत आणि मध्य रेल्वेच्या बाजूला मुलुंडपर्यंत वाढली, त्यात गोरेगावही आले. हद्द वाढवायला कागद पुरतो, जलवाहिनी टाकायला मात्र पैसा आणि इच्छा दोन्ही लागतात. १९६१ मध्ये मृणालताई महापालिकेवर निवडून गेल्या तेव्हा कर भरणारी, पण पाणी न मिळालेली अशी वाढती लोकवस्ती त्यांच्या मागे उभी होती.

माझ्या आईने या काळाचे जे वर्णन केले आहे, त्यात तक्रारीपेक्षा तपशील जास्त असे. आमच्या चाळीपासून काही अंतरावर एक सार्वजनिक नळ होता. त्याला पाणी मध्यरात्रीनंतर केव्हातरी येई आणि पहाट उजाडायच्या आत जाई. रांग मात्र संध्याकाळीच लागे, पण माणसांची नव्हे. फुटकी बादली, डालड्याचा रिकामा डबा, कानाला दोरी बांधलेली कळशी, एखादी खूण केलेली वीट, अशा वस्तू आपापल्या मालकिणीची जागा धरून बसत आणि कोणती वीट कोणाची हे चाळीतल्या प्रत्येकीला तोंडपाठ असे. नळाला आधी नुसती हवा येई, त्याचा सूं-सूं आवाज ऐकून जाग असलेली पहिली बाई बाकीच्यांना हाका मारी. दाब कमी असला की तोटी काढून टाकत आणि हंडा जमिनीवर न ठेवता खड्ड्यात उतरवत, म्हणजे तेवढेच चार बोटे पाणी जास्त. त्या खड्ड्याला सिमेंटचा गिलावा करून घेणे ही आमच्या चाळीची पहिली सामूहिक मागणी होती, असे आई हसत सांगायची.

असल्या मागणीला राजकारण म्हणायची तेव्हाच्या मोठ्या पक्षांची तयारी नव्हती. राष्ट्र, भाषिक राज्य, समाजवाद, कामगारवर्ग हे विषय व्यासपीठावर शोभून दिसत. नळाची तोटी ही बायकांची कटकट मानली जाई. मृणालताई स्वतः संयुक्त महाराष्ट्राच्या आणि गोवामुक्तीच्या आंदोलनांत होत्या, त्यामुळे मोठ्या प्रश्नांचे त्यांना वावडे होते असे कोणी म्हणू शकणार नाही. पण सभागृहात उभे राहून अमुक वस्तीत किती नळ आहेत, किती तास पाणी येते आणि किती घरांना पुरवायचे आहे, हे आकडे मांडणे हे त्यांना खालच्या दर्जाचे काम वाटले नाही. त्यांनी हंडे-कळशा घेऊन बायकांना महापालिकेच्या दारात नेले, याची आठवण सगळे काढतात. त्याच्या आधी वस्तीवस्तीतून माहिती गोळा करणे आणि नंतर प्रश्नोत्तरे, तहकुबी सूचना, समितीच्या बैठका, जलखात्याच्या अभियंत्यांबरोबर प्रत्यक्ष जागेवर फिरणे हे सगळे चालू असे. जलवाहिनीचा व्यास किती इंची आहे आणि तो वाढवल्याखेरीज नुसते नळ वाढवून उपयोग नाही, हे अभियंत्याला ठाऊक असतेच. ते लोकप्रतिनिधीलाही ठाऊक आहे असे दिसले की त्याची उत्तरे देण्याची तऱ्हाच बदलते.

या कामाची एक शिस्त होती आणि ती आमच्या घरात कशी शिरली हे मला स्पष्ट आठवते. शिधापत्रिकेवर माझ्या धाकट्या भावाचे नाव चढवायचे राहून गेले होते आणि आई एका सरकारी कचेरीत खेटे घालून थकली होती. प्रत्येक वेळी तोंडी उत्तर मिळे: साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या, तो अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. शेवटी ती स्मारकात गेली. तिथल्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीने तिची सगळी हकिगत ऐकून घेतली आणि विचारले, “पोच कुठे आहे?” आईला पोच म्हणजे काय हे माहीत नव्हते. मग त्या बाईंनी तिला समोर बसवून अर्ज लिहायला लावला, स्वतः लिहून दिला नाही. अर्ज दोन प्रतींत करायचा, एक प्रत द्यायची, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर स्मरणपत्र द्यायचे आणि त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक सगळ्यात वर लिहायचा. कारकून अंगावर आला तरी आवाज चढवायचा नाही, फक्त त्याचे नाव विचारायचे आणि त्याच्यासमोरच ते कागदावर टिपून घ्यायचे.

आई सातवी शिकलेली होती. त्या दिवसानंतर आमच्या घरी पत्र्याच्या एका पेटीत पोच लावलेल्या कागदांची चळत जमत गेली आणि चाळीतल्या बायका अर्ज घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या. भावाचे नाव शिधापत्रिकेवर चढले, गटाराची जाळी बसली, रस्त्यावरचा दिवा मात्र काही केल्या लागला नाही. आईचे मृणालताईंशी प्रत्यक्ष बोलणे फार थोड्या वेळा झाले असेल. पण त्यांच्याबद्दल ती बोलायची ते देवीबद्दल बोलावे तसे नव्हे, आपल्याला एखादे कसब शिकवणाऱ्या थोरल्या जावेबद्दल बोलावे तसे.

१९७२ चा दुष्काळ आणि त्यानंतरची महागाई ज्यांनी सोसली, त्यांना रॉकेलसाठीच्या रांगा आणि रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, आठवत असेल. त्याच वर्षी मृणालताई विधानसभेवर निवडून गेल्या होत्या. त्याच सुमारास मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. तिची रचना आजच्या राजकारणात अशक्य वाटावी अशी होती. समाजवादी मृणालताई आणि प्रमिलाताई दंडवते, मार्क्सवादी अहिल्याताई रांगणेकर, कम्युनिस्ट ताराताई रेड्डी, शिवाय कोणत्याच पक्षात नसलेल्या असंख्य गृहिणी एका झेंड्याखाली आल्या. या पक्षांचे पुरुष नेते एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसताना त्यांच्या बायका-बहिणी मात्र तेल, साखर आणि रॉकेल या तीन शब्दांवर एकत्र आल्या. लाटणे हे त्यांचे निशाण झाले आणि ठरलेल्या वेळी घराघरातून थाळ्या वाजू लागल्या.

आमच्या चाळीतून बायका गेल्या त्या दिवशी घराघरात दुपारचे जेवण सकाळीच करून ठेवलेले होते. आईने न्यायचे लाटणे आदल्या रात्री निवडले, आणि ते रोजचे नव्हते, पापड लाटायचे जुने, बारीक होते, कारण मोर्चात हरवले तर दुसऱ्या दिवशी पोळ्या कशाने लाटायच्या, हा तिचा विचार. मला बरोबर नेले नाही, म्हणून मी दिवसभर रुसून बसले होते.

मोर्चा, मंत्र्यांना घेराव, सरकारची आश्वासने हे सगळे झाले. पण ही समिती तेवढ्यावर थांबली नाही, आणि म्हणूनच ती माझ्या आईसारखीच्या लक्षात राहिली. रेशन दुकानात माल कधी उतरला, फळ्यावर साठा आणि दर लिहिला आहे का, वजनकाटा बरोबर आहे का, हे बघायला बायका आळीपाळीने जाऊ लागल्या. आमच्या दुकानदाराने फळा लावला, पण तो आत, पोत्यांच्या मागे. दोन बायकांनी तो उचलून बाहेर आणून ठेवला आणि दुकान बंद होईपर्यंत त्याच्या शेजारी भाजी निवडत बसल्या. या प्रसंगाची बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात आली नाही, येण्याचे कारणही नव्हते.

या एकजुटीचे गोडवे गाताना एक गोष्ट सांगितली पाहिजे, की ती फार काळ टिकली नाही. आणीबाणी आली, अनेक जणी तुरुंगात गेल्या, नंतर पक्षांची समीकरणे बदलली आणि संयुक्त समितीतली संयुक्त ही गोष्ट मागे पडत गेली. १९७७ मध्ये मृणालताई आणि अहिल्याताई दोघी लोकसभेत गेल्या, १९८० मध्ये प्रमिलाताई गेल्या. म्हणजे लाटण्याच्या मोर्चाने तीन खासदार दिले, पण ज्या चाळीचाळीतल्या समित्यांमुळे त्या पुढे आल्या, त्या समित्या टिकवणारी दुसरी फळी मात्र पुरेशी उभी राहिली नाही. समाजवादी चळवळीच्या सततच्या फाटाफुटीचाही त्यात वाटा आहे. मृणालताई त्या फाटाफुटीच्या वर होत्या असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पक्ष फुटत आणि जुळत राहिले तेव्हा त्यांनाही बाजू घ्याव्या लागल्या आणि त्यातल्या काही निर्णयांची किंमत स्थानिक कामाला मोजावी लागली.

आणीबाणीत त्या आधी भूमिगत राहिल्या, नंतर पकडल्या गेल्या आणि त्यांना अकोल्याच्या तुरुंगात ठेवले गेले. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून त्या निवडून आल्या तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा सगळ्या मुंबईच्या तोंडी होती. दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिरा गांधी. मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात त्यांना आरोग्य खाते देऊ केले होते आणि त्यांनी ते नाकारले. या नकाराचे आमच्याकडे अजून फार कौतुक होते. मला मात्र त्याबद्दल कायम थोडी हळहळ वाटत आली आहे. नळाखाली खड्डा खणणाऱ्या बायकांचे दुखणे समजणारी, वैद्यकीय शिक्षणाची तोंडओळख असलेली बाई देशाच्या आरोग्य खात्यात काय करू शकली असती, हे आपल्याला पाहायला मिळाले नाही.

१९८३ मध्ये स्मारकात ‘स्वाधार’ हे केंद्र सुरू झाले आणि माझा स्वतःचा संबंध तिथपासूनचा. मी तेव्हा महाविद्यालयात होते आणि अक्षर बरे आहे एवढ्या भांडवलावर मला नोंदी लिहायला बसवले होते. नवऱ्याने टाकलेल्या, सासरी छळ होणाऱ्या, माहेरी परत आल्यावर तिथेही नकोशा झालेल्या बायका तिथे येत. हुंडाबळी हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांत रोज दिसू लागला होता आणि भारतीय दंडसंहितेत नवऱ्याकडून आणि सासरी होणाऱ्या छळाविरुद्धचे ४९८-अ हे कलम १९८३ च्याच अखेरीस आले. पण केंद्रात येणाऱ्या बहुतेक जणींना खटला नको असे, त्यांना आपले सामान परत हवे असे. एकदा एक तरुण मुलगी आपल्या आईबरोबर आली आणि मी तिच्या सामानाची यादी लिहायला घेतली. पितळी पातेली दोन, स्टीलचा डबा मोठा एक, ताटे सहा, कुकर एक, शिलाई मशिन एक, पोलपाट. मुलगी सांगत होती आणि मी खाली मान घालून लिहीत होते. शेजारी बसलेल्या कार्यकर्तीने मध्येच विचारले, “भांड्यांवर नावे घातली आहेत का?” मुलीच्या आईचा चेहरा एकदम उजळला. लग्नात प्रत्येक भांड्यावर माहेरचे नाव आणि तारीख घालून घेतली होती, कासारीण दारात बसून दिवसभर टोचे मारत होती, हे तिला आठवले. मग मी यादीत प्रत्येक ओळीपुढे ‘नाव घातलेले’ किंवा ‘न घातलेले’ असा रकाना वाढवला. ते सामान कुकर वगळता परत मिळाले. सासरच्या लोकांना भांडी आमचीच आहेत असे म्हणायची सोय उरली नव्हती.

मृणालताई तेव्हा साठीकडे झुकलेल्या होत्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, चालणे भराभर. स्मारकात त्या आल्या की आम्ही मुली सावरून बसायचो, पण त्यांचे लक्ष आमच्याकडे नसून समोरच्या नोंदवहीकडे असे. नोंद अर्धी असली की ती अर्धी का आहे हे त्या विचारत.

१९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत गेल्या आणि १९८८-८९ मध्ये तिथे विरोधी पक्षनेत्याही झाल्या. या काळातले त्यांचे सर्वांत दूरगामी काम पाण्याचे नव्हे, तर गर्भलिंगनिदानाविरुद्धचे होते, आणि ते त्यांच्या नावाशी जितके जोडले जायला हवे तितके जोडले जात नाही. गर्भजल परीक्षा ही गर्भातील दोष शोधण्यासाठी निघालेली चाचणी ऐंशीच्या दशकात मुंबईत मुलगा की मुलगी हे सांगण्यासाठी सर्रास वापरली जात होती. आज थोडे पैसे खर्च करा आणि पुढे हुंड्याचे लाखो वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लोकलच्या डब्यांत उघडपणे लागलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. मुंबईतल्या स्त्री-संघटना, काही डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांनी त्याविरुद्ध मंच उभा केला आणि विधिमंडळात मृणालताईंनी खासगी विधेयकाच्या मार्गाने तो प्रश्न लावून धरला. खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक, सहसा मंजूर होत नसते हे सगळ्यांनाच ठाऊक असते. त्याचा उपयोग वेगळा असतो. सरकारला त्या विषयावर भूमिका घ्यावी लागते आणि ती कामकाजात नोंदवली जाते. १९८८ मध्ये महाराष्ट्राने या चाचण्यांवर नियंत्रण आणणारा कायदा केला, तो देशातला असा पहिला कायदा होता, आणि केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ मध्ये आला. राज्याच्या कायद्यात पळवाटा होत्या आणि मंचातल्या अनेकांचे त्याने समाधान झाले नाही. सोनोग्राफी यंत्रे गल्लोगल्ली पोचल्यावर तर तो तोकडाच पडला. तरी डॉक्टरच्या खोलीत बंद दाराआड चालणारी गोष्ट कायद्याच्या कक्षेत येते, हे तत्त्व त्याने एकदाचे प्रस्थापित केले.

याच दशकात गोरेगाव पूर्वेच्या दिंडोशीतल्या घरांचे काम चालू होते. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने शहरातली जादा जमीन सरकारने ताब्यात घ्यावी आणि ती सामान्यांच्या घरांसाठी वापरावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सवलतीच्या कलमांचा आधार घेऊन बहुतेक जमिनी मालकांकडे आणि पुढे बिल्डरांकडे राहिल्या. मृणालताई आणि बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषद स्थापन केली आणि अशा जमिनीवर कमी उत्पन्नाच्या लोकांची घरे झाली पाहिजेत ही मागणी सरकारदरबारी आणि न्यायालयात चिकाटीने लढवली. गोरेगाव पूर्वेला, चित्रनगरीच्या बाजूला, त्यातून हजारो कुटुंबांची वसाहत उभी राहिली.

माझी मावशी त्या सभासदांपैकी एक. गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांचे संसार होते आणि ती पोस्टाच्या बचतीतून परिषदेचे हप्ते भरत होती. वर्षामागून वर्षे गेली, जागेचा निकाल लागेना, तेव्हा घरातले तिला वेड्यात काढू लागले. परिषदेच्या सभांना ती दर वेळी जाई आणि येऊन सांगे की अजून काही नाही, पण का नाही ते आज नीट समजावून सांगितले. हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले होते, पण लोकांनी इतकी वर्षे दम का धरला याचे उत्तर त्यातच आहे. प्रकरण कोणत्या न्यायालयात आहे, कोणत्या मुद्द्यावर अडले आहे, सरकारी वकील काय म्हणाला, हे त्या सभांतून साध्या मराठीत सांगितले जाई. घर ताब्यात मिळाले तेव्हा मावशी पन्नाशी ओलांडून गेली होती. पहिल्या दिवशी तिने स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि काही न भरता नुसता वाहू दिला, त्यावर माझ्या आईने तिला चांगलेच सुनावले.

तो कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला, त्यामुळे त्या वाटेने आता कोणाला जाता येणार नाही. दिंडोशीतली घरेही आज हातावर पोट असणाऱ्या माणसाच्या आवाक्यात राहिलेली नाहीत. परवडणारी घरे बांधली तरी ती पुढच्या पिढीसाठी परवडणारी कशी ठेवायची, याचे उत्तर त्या चळवळीला सापडले नाही. अर्थात ते दुसऱ्या कोणालाही सापडलेले नाही.

नव्वदच्या दशकात, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्या एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात उतरल्या. युनिटमागे वीज कितीला पडणार आणि राज्य वीज मंडळावर त्याचा किती बोजा येणार, हा तिथलाही मुख्य मुद्दा हिशेबाचाच होता. मंडळाला ती वीज पेलवली नाही आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. १७ जुलै २०१२ रोजी वसईला मृणालताईंचे निधन झाले. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. गोरेगावातल्या उड्डाणपुलाला आता त्यांचे नाव आहे. नावाला माझी हरकत नाही, पण एखाद्या जलकुंभाला दिले असते तर जास्त आवडले असते.

पाण्याचा प्रश्न त्यांच्याबरोबर संपला नाही. अमुक सालानंतरच्या झोपडीला अधिकृत नळजोडणी नाही, या धोरणामुळे मुंबईतल्या लाखो माणसांना चोरीचे किंवा टँकरचे पाणी चढ्या भावाने विकत घ्यावे लागत होते. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की पाणी मिळणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदा असली तरी तिच्यात राहणाऱ्याला पाणी पूर्णपणे नाकारता येणार नाही. कायदेशीर घराइतकेच आणि त्याच दराने द्यावे असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले.

आमच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या बाई पूर्वेच्या डोंगराकडच्या वस्तीत राहतात. या धोरणाखाली तिथल्या काही घरांनी मिळून सामाईक जोडणीसाठी अर्ज केला आहे. जमीन ज्या खात्याच्या मालकीची आहे, त्याचे ना-हरकत पत्र नाही म्हणून तो अडकला आहे. ते पत्र कोणाकडे मागायचे यावर दोन कचेऱ्यांत टोलवाटोलवी चालू आहे, म्हणून त्यांनी आता दोन्हीकडे लेखी विचारणा केली आहे. पुढच्या सोमवारी त्यांना वॉर्ड ऑफिसात जायचे आहे, तेव्हा सकाळचे काम दुपारी करू का, असे त्या काल विचारत होत्या.